वारा कुठून होता ते आधी लिही

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा सायकलसहलीचा लेख काल रात्री वाचला, आज सकाळी पुन्हा वाचला. सोबतच्या चिठ्ठीत तू विचारलं आहेस, ‘मावशी, आम्ही दिवसभर हसत होतो, मग वाचणाऱ्याला हसू का येत नाही? थोडं वाढवून लिहू का? शेवटी कुणाला तरी समुद्रात पाडू का?’ हा शेवटचा प्रश्न वाचला आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले.

पाडू नकोस.

तुला विनोद जमतो की नाही, या चर्चेत मी पडणार नाही. तू लहान नाहीस आणि मला तेवढा वेळही नाही. चौघं मिळून सकाळी समुद्रकाठच्या लाकडी फळ्यांच्या रस्त्याने सायकली हाणत गेलात आणि अंधार पडायच्या सुमारास त्याच सायकली हाताने ढकलत परत आलात. यात जे आहे ते पुरेसं आहे. ते कागदावर आलेलं नाही, एवढीच तक्रार.

सात पानांत ‘धमाल’ हा शब्द अकरा वेळा आहे. ‘अचानक’ नऊ वेळा. ‘वारा’ एकदाही नाही. सहाव्या पानावर ‘परतताना पार वाट लागली’ असं म्हणून तू पुढे गेलास. अरे, वाट कशाने लागली? वारा कुठून होता?

तू पाठवलेला फोटो मी भिंग घेऊन पाहिला. मागच्या खांबावरचा झेंडा ताठ फडकतोय, तुम्ही निघाला आहात त्याच दिशेला. आणि तुमच्यापैकी कुणाचा केससुद्धा हललेला नाही. चौघंही हसताय, एकाने तर दोन्ही हात सोडलेत. हाच तुझ्या लेखाचा पहिला परिच्छेद, आणि तो तू लिहिलाच नाहीस.

तुम्ही ताशी १५ किलोमीटरने जात असाल आणि वाराही मागून तेवढाच असेल, तर अंगाला वारा लागतच नाही. कान शांत असतात. चाकाचा आवाज स्वच्छ ऐकू येतो. घाम सुकत नाही, म्हणून उकडतं, पण पाय हलके वाटतात आणि प्रत्येकाला मनातून वाटू लागतं की आज आपले पाय भलतेच चालताहेत. ‘आणखी एक थांबा पुढे जाऊ’ असं कुणीतरी म्हणतं. (तुमच्यात ते तूच म्हणाला असशील, तुझ्या आईचाच मुलगा.) मग कधीतरी वळायचं असतं. वळल्यावर तोच वारा, त्याच जोराचा, पण तुम्ही १५ने जाऊ पाहाल तर तो अंगावर ३०ने येतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वारा नसताना त्याच वेगाला जेवढा विरोध होतो त्याच्या चौपट. सकाळी ज्याने हात सोडले होते तो आता दोन्ही हातांनी हँडल आवळून बसतो.

वाचणाऱ्याला हा झेंडा पहिल्या पानावर दिसला पाहिजे. तुम्हा चौघांना दिसला नाही, त्याला दिसला पाहिजे. मग तू ‘आणखी एक थांबा पुढे जाऊ’ एवढंच लिही, त्याला हसू येईल. तुला त्याला हसवायची गरजच उरणार नाही. म्हणून सांगते, वारा कुठून होता ते आधी लिही.

आता तुझ्या आईची गोष्ट. तुमच्या घरी कुणी पाहुणे आले की ती निघतेच, तेव्हा तू ती पन्नासदा ऐकली असशील. मी आणि ती सायकलवरून समुद्रकाठी गेलो होतो आणि ती कठडा नसलेल्या जागी सायकलसकट पाण्यात पडली. सगळे हसतात. तीही हसते.

ती पडली नव्हती. ते मी लिहिलं. छापून आलं, आणि छापून आल्यावर तेच खरं झालं.

घडलं ते असं. सायकली भाड्याच्या होत्या. तिच्या सायकलची सीट सगळ्यात खाली होती आणि वर येईना. खारट हवेत सीटचा दांडा चौकटीच्या नळीत गंजून बसला होता. सायकलवाल्याने पाना लावला, ठोकून पाहिलं, शेवटी ‘जवळच तर जायचंय’ म्हणून सोडून दिलं. तुझ्या आईची उंची तुला माहीत आहे. तिचे गुडघे हँडलला लागत होते. माझी सीट उत्तम होती, मी ताठ बसून रुबाबात निघाले. सकाळी वारा जवळजवळ नव्हता. स्वच्छ उन्हाच्या दिवशी किनाऱ्यावर असंच असतं. जमीन लवकर तापते, पाणी सावकाश. जमिनीवरची तापलेली हवा वर चढते आणि समुद्रावरची गार हवा आत येऊ लागते. हे सुरू व्हायला बहुधा दुपार जवळ यावी लागते. आधी तो वारा रस्त्याला आडवा येतो. मग दुपार कलते तसा, पृथ्वीच्या फिरण्यामुळे, तो वळत वळत किनाऱ्याला समांतर होऊ लागतो. उत्तर गोलार्धात उजवीकडे, दक्षिणेत डावीकडे. म्हणजे आपल्या गोलार्धात, दुसरा कुठला मोठा वारा नसेल तर, जाताना समुद्र उजव्या हाताला असलेल्या माणसाने परतीची काळजी करावी. आमच्या उजव्या हाताला होता. आम्हाला तेव्हा हे माहीत नव्हतं.

परतताना मला पुढे सरकता येईना. ताठ बसलेलं माणूस म्हणजे शीडच. तुझी आई मात्र इतकी खाली, गुडघ्यांच्या आड, की वारा बराचसा तिच्या डोक्यावरून जात होता. ती मागून आली आणि मला ओलांडू लागली. ओलांडायला तिला दहा मिनिटं लागली. तिचं पुढचं चाक माझ्या मागच्या चाकाशी आलं तेव्हा ती म्हणाली, ‘काय गं, दमलीस?’ हँडलला हँडल लागलं तेव्हा कुणाच्या तरी लग्नाचा विषय निघाला होता. तो संपला तेव्हा ती हातभर पुढे होती. मग मान वळवून अगदी मनापासून म्हणाली, ‘तुझी सीट खाली करून घे.’

त्या दिवसाचं सोनं होतं ते, आणि मी ते टाकून दिलं. त्याऐवजी तिला पाण्यात पाडलं.

माझी बाजूही ऐक. मी सव्वीस वर्षांची होते. पहिलाच लेख होता. संपादकांनी निरोप पाठवला होता की शेवटी काहीतरी घडायला हवं. दीड पानाची जागा, त्यात सीट, गंज, वारा, गोलार्ध हे कुठे बसवायचं? तुझ्या आईला विचारलं होतं. ती ‘लिही की’ म्हणाली होती. आणि लोक हसले, पत्रं आली, माझं पुढचं लिखाण त्यावर सुरू झालं. मी काही गुन्हा केला असं मी मानत नाही. पण त्यानंतर ती सीटची गोष्ट तुझ्या आईने कुणाला सांगितलेली मी ऐकली नाही. सांगायला गेली तरी कोण ऐकणार? लोकांना पडलेली बाई ठाऊक होती. ज्या दिवशी ती जिंकली, त्या दिवशी ती पडली असं झालं. पुढे मी दोनतीनदा सहलीचा विषय काढला, तिला दर वेळी काहीतरी काम होतं.

त्यानंतर मी न घडलेलं एक अक्षर लिहिलेलं नाही. ‘जरा रंगवा’ म्हणून तीन लेख परत आले, तिन्ही मी रंगवले नाहीत, तिन्ही कपाटात आहेत. लोक मला हट्टी म्हणतात. म्हणू देत. तूही हट्टी हो, अशी माझी इच्छा आहे.

बरं, तुझ्या लेखाकडे येते. तिसऱ्या पानावर तू लिहितोस, ‘फळ्यांवरून जाताना सगळ्यांचेच आवाज मजेशीर येत होते.’ मजेशीर म्हणजे कसे? फळ्या रस्त्याला आडव्या ठोकलेल्या असतात, पाणी आणि वाळू खाली जावी म्हणून मधे फटी ठेवतात. फळी १४ सेंटिमीटर रुंद धर. ताशी १५ किलोमीटरला सेकंदाला तीसेक फळ्या चाकाखालून जातात. तेवढे हादरे हातातून, हनुवटीतून, जिभेतून जातात. म्हणून आवाज कापतो. आणि तूच दुसऱ्या पानावर लिहिलं आहेस की निघताना टायर दगडासारखे टणक भरून घेतले. डनलपने १८८८मध्ये आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवेचा टायर बसवला तो हादरे कमी व्हावेत म्हणून. त्या टायरात तुम्ही इतकी हवा कोंबलीत की त्याचा उपयोगच राहिला नाही. थोडी हवा सोडली असती तर त्या मित्राला त्याच्या घरच्यांशी फोनवर धड बोलता आलं असतं. त्याच्या आईला तो रडतोय असं वाटलं, हे तू कंसात लिहिलं आहेस. कंसात! ते वाक्य कंसातून बाहेर काढ, टायर भरल्याचं वाक्य त्याच्या आधी कुठेतरी निवांत ठेव, आणि दोन्हींच्या मधे एकदाही ‘धमाल’ म्हणू नकोस.

चौथ्या पानावर ‘अचानक सायकल घसरली’. अचानक काही घसरत नाही. फळ्या ओल्या होत्या का? ओल्या लाकडावर ब्रेक दाबून वळलं की चाक सुटतंच. की वाळू होती? असे फळ्यांचे रस्ते मुळात वाळूशी भांडणातूनच झाले. अमेरिकेत अटलांटिक सिटीला १८७०मध्ये असा रस्ता बांधला तो पाहुण्यांच्या बुटांतून वाळू हॉटेलांत आणि आगगाडीच्या डब्यांत यायची म्हणून. सुरुवातीला तर हिवाळ्यात त्या फळ्या उचलून ठेवत. वाळू आत येऊ नये म्हणून केलेल्या रस्त्यावर वारा पुन्हा वाळू आणून टाकतो आणि तुझा मित्र तिच्यावरच आडवा होतो. पण मला कळू तर दे की ती वाळू होती, आणि ती वळणावरच का साठली होती. वारा कुठून होता हे लिहिलंस की तेही कळेल.

पाचव्या पानावरच्या पक्ष्याबद्दल थोडक्यात. समुद्रकाठच्या प्रत्येक लेखात सीगल येतो आणि खाऊ पळवतो. तुमचाही ‘अचानक’ आला. एक्सेटर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९मध्ये दाखवलं की माणूस सीगलकडे रोखून बघत असेल तर तो खाण्याकडे यायला जास्त वेळ लावतो. तेव्हा तुमच्यातल्या कुणाचे डोळे कुठे होते ते आठव. फोनमध्ये होते ना? मग पक्षी अचानक नाही आला, त्याने वाट पाहिली. तो वाट पाहत असलेला पक्षी लिहिता येत असेल तर ठेव, नाही तर पूर्ण काढून टाक.

‘अचानक’ हा न पाहिलेल्या माणसाचा शब्द आहे. तू सहलीत पाहिलं नाहीस, ठीक आहे, सहलीत कुणी पाहायला जात नाही. लिहिताना तरी मागे वळून पाहा. नऊच्या नऊ ठिकाणी थांब आणि स्वतःला विचार की त्याच्या आधीच्या मिनिटाला काय होतं. दर वेळी काहीतरी सापडेल. ओली फळी, सैल चेन, कुणाची तरी ओढणी, झेंडा. ते सापडेपर्यंत पुढची ओळ लिहू नकोस. कंटाळा येईल. मलाही येतो. तरी थांब.

आणि ज्याला तू पाण्यात पाडणार होतास त्याचा विचार कर. तुम्ही चौघं अजून दर शनिवारी भेटता. दहा वर्षांनी कुणीतरी पाहुण्यांसमोर विषय काढेल, तो हसेल, आणि खरं काय झालं ते सांगायचा कंटाळा करेल. हे मी पाहिलं आहे, म्हणून इतकी ओरडते आहे. रागावू नकोस.

हे पत्र आईला दाखवायचं की नाही ते तू ठरव. दाखवलंस तर तिला विचार, सायकलवाल्याने सीट ठोकायला काय वापरलं होतं. मला पाना आठवतो, पण त्यानंतर त्याने आणखी काहीतरी आणलं होतं. ते तिलाच आठवत असेल.

लेख पुन्हा पाठव. उशीर झाला तरी चालेल. जाताना समुद्र कुठल्या हाताला होता ते पहिल्या पाच ओळींत दिसू दे. आणखी एक राहिलं. शेवटच्या पानावर तू लिहितोस की पोहोचल्यावर सगळे दिव्याखाली बसलात आणि एकाने ओला बूट काढून पालथा केला. एकच बूट. त्याचा दुसरा बूट कोरडा कसा राहिला?

तुझी,
मावशी