बॅग भरा आणि डोंबिवली गाठा

ताई,
मी ३३ वर्षांचा, कांदिवलीला राहतो, नोकरी बीकेसीत. आम्हाला मुलगी झाली, तिला नुकतेच सात आठवडे पूर्ण झाले. बायको सातव्या महिन्यापासून माहेरी, डोंबिवलीला आहे. सव्वा महिना झाला की दोघी घरी येतील असं ठरलं होतं. आता बायको म्हणते, तीन महिने झाल्याशिवाय येणार नाही. आई दुखावली आहे. तिने पाळणा आणून ठेवलाय, खोलीला रंग काढून घेतलाय आणि बिल्डिंगमधले विचारतात, नात कुठे? त्यात बारसं राहिलंय. माझ्या बहिणीने, म्हणजे आत्याने, एक नाव काढलंय. बायकोला ते जुनाट वाटतं. सासूबाई तोंडाने काही बोलत नाहीत, पण मी विषय काढला की फोन बायकोच्या हातात देतात.
मी दर रविवारी जातो, मेगाब्लॉक नसेल तर. पण मुलगी मला ओळखतच नाही. मी समोर बसलो की रडायला लागते. परवा बायकोने व्हिडिओ पाठवला, त्यात छान हसते. माझ्याकडे बघून एकदाही हसलेली नाही. (मी अजून तिला हातात घेतलेलं नाही. मान धरत नाही ना, भीती वाटते. मान धरली की घेईनच.)
आईचं ऐकू की बायकोचं? आणि नावाचं काय करू?
– दोन्हीकडून अडकलेला, कांदिवली

तुमचं पत्र मी वर निम्मं कापून दिलंय. नावाचा अर्थ, पाळण्याची किंमत, सासूबाई कोणत्या सुरात ‘बरं’ म्हणाल्या, हे सगळं तुम्ही परिच्छेदच्या परिच्छेद लिहिलं होतं. पोटच्या पोरीला अजून हातात घेतलेलं नाही, हे मात्र कंसात. मी तो कंस सोडून दुसऱ्या कशावरही फार बोलणार नाही. तुमची आई, तुमची बहीण, सासूबाई, सगळ्यांना थोडा वेळ बाजूला बसू द्या.

अहो, सात आठवडे झाले!

मान धरली की घेईन म्हणता. बाळाची मान नीट स्थिर व्हायला साधारण तीन ते चार महिने लागतात. म्हणजे तुमच्या हिशेबाने गणपती येऊन जातील आणि तुम्ही अजून सोफ्यावरच असाल. मग म्हणाल, बसायला लागली की घेईन. बाळाची मान धरायची असते ती घेणाऱ्याने, एवढं साधं आहे ते. डोंबिवलीला मालिशवाली मावशी येत असेलच. एकदा सकाळी मोरीच्या दाराशी उभे राहून बघा. ती पाटावर बसते, पाय लांब करते, पोरीला नडग्यांवर पालथी घालते, एका हाताने पाठीला तेल रगडते, मग उताणी करून टाळूवर तेल घालते आणि तांब्याने कोमट पाणी ओतते. तीच ही, मान न धरणारी मुलगी. पोर रडून रडून लाल होते आणि नंतर दुपट्यात गुंडाळली की दोन तास गाढ झोपते. मावशीला भीती वाटत नाही, कारण तिचा हात रोज बाळाला लागतो. तुमचा लागत नाही.

कमी वजनाच्या बाळांसाठी कांगारू पद्धत म्हणून आहे, १९७८ साली कोलंबियात बोगोटाला सुरू झाली आणि आपल्याकडेही रुजली. त्यात दीड-पावणेदोन किलोचं बाळ उघड्या छातीशी धरून ठेवतात. आई दमली की बापाच्या छातीशी. तुमची मुलगी आता चार किलोच्या आसपास असेल. तेव्हा नाजूक आहे वगैरे मला सांगू नका.

आता ‘ओळखत नाही’ या तक्रारीकडे. या वयाच्या बाळाला स्वच्छ दिसतं ते २० ते ३० सेंटिमीटरवरचं, म्हणजे वीत-सव्वा वीत. अंगावर पिताना आईचा चेहरा जेवढ्या अंतरावर असतो, तेवढंच. तुम्ही हॉलच्या दुसऱ्या टोकाला. तिच्या लेखी तिथे काहीतरी धूसर हलतंय, त्याला ती हसणार कशी? खरं हसू, माणसाला बघून येणारं, सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरू होतं. म्हणजे अगदी आत्ता. व्हिडिओत ती हसली कारण बायकोने तोंड जवळ नेऊन काहीतरी बडबड केली. तुम्हीही न्या, एक मिनिट थांबा, भुवया वर करा, काहीही बोला. ती आधी टक लावून बघेल. या वयात तिला वेळ लागतो, तेवढा द्या. शेअर बाजाराबद्दल बोललात तरी चालेल.

आणि रडण्याचं. बाळाचं रडणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वाढतं, सहाव्या ते आठव्या आठवड्यात शिगेला पोचतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. बहुतेकींची वेळही ठरलेली, दिवेलागणीची. तुम्ही रविवारी पोचता, जेवता, वामकुक्षी करता आणि नेमके संध्याकाळी तिच्यासमोर येऊन बसता. ती घड्याळ बघून रडते, तुम्हाला बघून नाही.

पण माझा राग या कशावर नाही. बायको तीन महिने का म्हणते, हे तुम्ही तिला विचारलंत का? पत्रात तरी तसं कुठे दिसलं नाही. आई दुखावली हे लिहिलंत, बिल्डिंगवाले काय विचारतात हे लिहिलंत. मी सांगते ती का येत नाही. डोंबिवलीत रात्री अडीचला पोर उठली की दुसरी एक बाई उठते. दूध पाजून झालं की ती बाळाला खांद्यावर घेते, ढेकर काढते, लंगोट बदलते आणि लेकीला म्हणते, तू पड. कांदिवलीत काय आहे? नवा पाळणा, रंगवलेली खोली, दमलेली सासू आणि मान धरायची वाट बघणारा नवरा. मी तिच्या जागी असते तर पाच महिने म्हटलं असतं.

म्हणून माझा सल्ला एकच, आणि त्याला पर्याय देणार नाही. दोघींना आणायचं नंतर बघू. तुम्ही जा. येत्या शुक्रवारी ऑफिसातून परस्पर डोंबिवलीला, कपड्यांची बॅग घेऊन, आणि तीन आठवडे तिथेच राहा. ऑफिसही तिथूनच.

तुम्ही काय म्हणाल ते मला पाठ आहे. प्रवास! बीकेसीहून कुर्ला स्टेशन रिक्षाने किंवा बसने जवळ, आणि कुर्ल्याहून डोंबिवली थेट, गाडी बदलायची गरज नाही. सकाळी डोंबिवलीहूनच सुटणाऱ्या लोकल आहेत, थोडं लवकर निघालात तर बसायलाही मिळेल. गर्दी अंगावर येईल, मान्य. डोंबिवलीतली निम्मी माणसं हेच रोज करतात, तुमचे सासरेही करत आले असतील. शिवाय रविवारच्या मेगाब्लॉकचा प्रश्नच सुटेल. (मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक नसलेला रविवार कुणाला सापडला तर मला कळवा. म्हणजे तुम्ही ‘दर रविवारी’ किती वेळा गेला असाल याचा मला अंदाज आहे.)

जावयाने सासरी राहणं बरं दिसत नाही? अधिक महिन्यात धोंड्याचं जेवण जेवायला जाताना बरं दिसतं ना? मग आताही दिसेल. फक्त या वेळी जावई म्हणून जाऊ नका. सासूबाईंना पहिल्याच संध्याकाळी सांगा, माझ्यासाठी वेगळं काही करायचं नाही, वरण-भात चालेल, आणि जेवल्यावर स्वतःचं ताट घासा. त्या दोनदा ‘अहो, राहू द्या’ म्हणतील. तिसऱ्यांदा म्हणणार नाहीत. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांच्या डब्याला हात लावू नका. झोप हॉलमध्ये गादी टाकून, पण रात्री उठायचं.

आईला विचारत बसू नका, सांगा. ‘मी तीन आठवडे मुलीजवळ राहायला चाललोय.’ या वाक्यात तिला न पटण्यासारखं काही नाही. फार वाटलं तर तीही एखाद्या रविवारी येईल, नातीला मांडीवर घेईल. रुसवा अर्धा तिथेच उतरेल.

पाच दिवसांची रजा बाळंतपणात संपली असंही तुम्ही लिहिलं होतंत. ती मेडिक्लेमचे कागद आणि जन्मनोंदणी यांत गेली. केंद्र सरकारी नोकरीत बापाला १५ दिवस मिळतात, खासगीत बापासाठी असा सरसकट कायदाच नाही, त्यामुळे पाच दिवस मिळाले हेही नशीब. पण मी रजा घ्या म्हणत नाहीये. रात्री साडेआठ ते सकाळी सात हा वेळ कुठल्याही साहेबाला विचारून मिळत नसतो.

आता घ्यायचं कसं ते. घड्याळ काढा, अंगठी काढा, कोपरापर्यंत साबणाने हात धुवा. पलंगावर भिंतीला पाठ टेकून बसा. पहिल्यांदा उभ्याने घेऊ नका. बायकोला सांगा, माझ्या हातात दे. डोकं तुमच्या डाव्या कोपराच्या खोलगट भागात, दुसरा तळवा ढुंगणाखाली, आणि पोर अंगाशी घट्ट. लांब धरलंत तर ती दचकेल, दोन्ही हात एकदम फाकवेल. घाबरून परत देऊ नका. ते दचकणं या वयाच्या प्रत्येक निरोगी बाळात असतं, काही महिन्यांत आपोआप जातं. खांद्यावर घेताना चार बोटं मानेमागे पसरून ठेवा, खांद्यावर एक कापड टाका आणि पाठीवर हलके थोपटा. ढेकर यायला पाच-दहा मिनिटं लागू शकतात. सोबत थोडं दूध बाहेर येईल, शर्टावर ओघळेल, वास दिवसभर जाणार नाही. येऊ द्या.

तीन-चार दिवस असे गेले की शनिवारी दुपारी बाळाचं पिऊन झाल्यावर बायकोला आणि सासूबाईंना घराबाहेर काढा. फडके रोडला जाऊन या म्हणावं, भाजी नका आणू, नुसत्या फिरून या. दीड तास तुम्ही आणि मुलगी. ती रडेल. फोन करू नका. छातीशी धरून, मानेला हात देऊन खिडकीपाशी उभे राहा, पंख्याकडे बघू द्या, लंगोट तपासा, पुन्हा खांद्यावर घ्या. बायको परत येईल तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे नीट बघा. तीन महिने की दोन, हा विषय तिच्याशी काढायचा तो त्यानंतर. त्याआधी शब्द नाही.

नावाचं विचारलंत. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, ती तुम्ही केलीच आहे. नाव त्या नोंदीत पुढे वर्षभरात विनाशुल्क घालता येतं. सरकारला घाई नाही, तुम्हाला का? बारसं करा, आत्याला कानात हवं ते नाव कुर्रर्र करू द्या, पाठीवर धपाटे खाऊ द्या. दाखल्यावर काय लिहायचं ते आईबाप ठरवतील. त्यासाठी आधी बाप जागेवर हवा.

तीन आठवडेच का, तर सहाव्या आठवड्याच्या लशीला तुम्ही ऑफिसात होतात, पुढची दहाव्या आठवड्यात येते. ही तुमची. मांडीत टोचतात, तेव्हा बाळाला कुणीतरी घट्ट धरून बसावं लागतं, आणि त्या दिवशी ती कुणीतरी म्हणजे तुम्ही. रात्री थोडा ताप येऊ शकतो, औषध किती थेंब द्यायचं ते निघतानाच डॉक्टरांकडून लिहून घ्या. तारीख आजच ऑफिसच्या कॅलेंडरवर टाका.

आणि शुक्रवारी निघण्याआधी गुळगुळीत दाढी करा, नखं कापा. सात आठवड्यांच्या गालाला खुंट फार टोचतात.