वाचक विचारतात : सही करण्याआधी

कामाच्या ठिकाणची नीती आणि माणूस म्हणून आपण जपतो ती मूल्यं, या विषयावर आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत. लांब पत्रांतला प्रश्न तेवढा थोडक्यात दिला आहे.

प्रश्न : आमच्या व्यवसायाला छापील आचारसंहिता आहे, कायदा आहे, दरवर्षी ऑडिटही होतं. मग वर पुन्हा ‘मूल्यं’ कशाला? नियम पाळले की पुरे नाही का?

नियम पाळायलाच हवेत. पण ‘हे बघणं माझं काम आहे’ ही जाणीव नियमातून येत नाही, आणि बहुतेक अनर्थ नेमके तिथे होतात.

१७ जुलै १९८१ रोजी अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीमध्ये हयात रीजन्सी हॉटेलच्या लॉबीवरचे दोन लटकते पादचारी पूल कोसळले आणि ११४ माणसं गेली. मूळ ड्रॉइंगमध्ये छतापासून येणारी एकच सलग सळई चौथ्या आणि दुसऱ्या मजल्यावरचे दोन्ही पूल पेलत होती. अशा सळईला मधल्या नटपर्यंत लांबच लांब आटे पाडावे लागले असते आणि उभारणीत ते खराब झाले असते. म्हणून पोलादकाम करणाऱ्या कंपनीने एका सळईच्या जागी दोन तोकड्या सळया सुचवल्या : एक छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरी वरच्या पुलाच्या तुळईपासून खालच्या पुलापर्यंत. कागदावर हा किरकोळ बदल दिसतो. पण दोन माणसांनी एकाच दोराला वेगवेगळं लटकणं निराळं, आणि दुसऱ्याने पहिल्याचे पाय धरून लटकणं निराळं. वरच्या तुळईखालच्या नटवर आता दोन्ही पुलांचा भार आला, म्हणजे दुप्पट. चौकशीत निघालं की सळई आणि तुळई यांचा तो जोड मूळ आराखड्यातही बांधकाम-नियमाच्या किमान अपेक्षेच्या सुमारे ६० टक्केच भार पेलू शकला असता. बदलानंतर ती ताकद निम्म्यावर आली.

नियम होता, आणि ड्रॉइंगवर अभियंत्याचा शिक्काही होता. त्या जोडाचा हिशेब मात्र कोणीच केला नव्हता, कारण तो दुसऱ्याने केला असेल असं प्रत्येकाने धरून चाललं. जबाबदार अभियंत्यांचे परवाने पुढे रद्द झाले. त्या पुलाखाली उद्या माणसं उभी राहणार आहेत हे ज्याच्या मनात जागं असतं, तो शिक्का मारण्याआधी ‘या जोडाचा हिशेब दाखवा’ म्हणतो. परदुःखाची जाण व्यवसायात येते ती अशा एका वाक्याच्या रूपाने.

प्रश्न : मी तपासणी विभागात आहे. जाडी किमान ५.८० मिमी हवी, रिडिंग आलं ५.७६. साहेब म्हणतात, ‘५.८ लिही, राउंड केलं की तेवढंच होतं. माल आजच जायचाय.’ नोकरीही टिकवायची आहे. काय करू?

आलेल्या पत्रांत हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत सर्वांत जास्त आहे : कुठे जाडी, कुठे ताळेबंद, कुठे रुग्णाच्या नोंदीची वेळ. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मोजमापाची खात्री करा. उपकरणाचं कॅलिब्रेशन मुदतीत आहे का ते बघा, शून्य तपासा, मोजायची जागा पुसून घ्या, मग त्याच जागी दुसऱ्या माणसाकडून मोजून घ्या. किती वेळा मोजायचं ते मोजण्याआधी ठरवा आणि सगळी रिडिंग लिहून ठेवा. मनासारखा आकडा येईपर्यंत मोजत राहायचं आणि तेवढाच लिहायचा, हीसुद्धा खोटी नोंदच. फक्त करणाऱ्याला ती तशी वाटत नाही, म्हणून जास्त घातक.

राउंड करण्याचं म्हणाल, तर ५.८० असं दोन दशांश स्थळांपर्यंत लिहिलेली मर्यादा दोन दशांश स्थळांनीच तपासायची. नोंदवहीत ५.७६ जाईल.

आता साहेबांशी बोलणं. ‘हे अनैतिक आहे’ अशी सुरुवात करू नका. समोरच्याला आरोप ऐकू येतो, आणि आरोपावर भांडणच होतं. असं म्हणा : ‘रिडिंग ५.७६ आहे, दोघांनी मोजलंय. मी तेच लिहितो. माल आज जायचा असेल तर डेव्हिएशनसाठी मेल टाकू या, मसुदा मी आत्ता करून देतो.’ डेव्हिएशन म्हणजे ठरलेल्या मर्यादेतून रीतसर मागितलेली सवलत. हा मार्ग फार जणांच्या लक्षात येत नाही. कमी जाडीचा माल वापरता येणारच नाही असं नसतं. पण तो निर्णय भागाची रचना करणाऱ्याने किंवा ग्राहकाने घ्यायचा, खरा आकडा डोळ्यांसमोर ठेवून आणि कारणासह सही करून. उघडपणे सवलत मागणं हा रोजच्या व्यवहाराचा भाग आहे. आकडा बदलला की मात्र तो निर्णय त्यांच्या हातून चोरला जातो, आणि माझ्या मते मूळ अन्याय हाच आहे.

मेलमध्ये चारच गोष्टी असू द्या : लॉट क्रमांक, मर्यादा आणि आलेली रिडिंग, किती नग मोजले आणि किती कमी भरले, कोणाचा निर्णय कधीपर्यंत हवा. विशेषणं नकोत.

साहेबांनी तरीही तोंडी हुकूम दिला, तर त्याच दिवशी दोन ओळी लिहून पाठवा : ‘आपल्या बोलण्यानुसार ५.८० नोंदवायचं, असं मला समजलं. मोजलेलं रिडिंग ५.७६ असल्याने तशी नोंद मी करू शकत नाही. पुढचं मार्गदर्शन कळवावं.’ बरेचदा प्रकरण इथेच निवळतं, कारण लेखी हुकूम द्यायला सहसा कोणी धजावत नाही. नाहीच निवळलं, तर त्यांच्या वरच्या पायरीवर किंवा गुणवत्ता प्रमुखांकडे जा. जाण्याआधी साहेबांना सांगून जा. पाठीमागून गेलात तर पुढची सगळी चर्चा तुमच्या वागण्यावर होते, रिडिंग बाजूला पडतं.

चूक होते ती दोन टोकांना. काही जण गप्प सही करतात आणि मनात धुमसत राहतात. काही जण पहिल्याच दिवशी सगळ्या कंपनीला मेल करतात. कंपनीबाहेर तक्रार करायची वेळ आलीच, तर आधी वकिलाचा सल्ला घ्या. गोपनीय कागद घरी नेणं किंवा स्वतःच्या मेलवर पाठवणं हे त्या सल्ल्याआधी अजिबात करू नका. खरं बोलणारा माणूस नेमका त्यातच अडकतो.

नोकरी जाण्याची भीती खोटी नाही, तिला हसण्यावारी नेणारा सल्ला आम्ही देणार नाही. पण अहवालावर सही तुमची आहे, साहेबांची नाही. उद्या काही घडलं तर विचारणा तुमच्याकडेच होईल, आणि तोंडी हुकमाचा पुरावा तुमच्यापाशी नसेल.

प्रश्न : आमच्याकडे दरवर्षी नीतिमूल्यांचं प्रशिक्षण होतं, भिंतीवर शपथ लावलेली आहे. तरी मिटिंगमध्ये कोणी ‘नाही’ म्हणत नाही. काय कमी पडतं?

मिटिंगची रचना कमी पडते. चॅलेंजर यानाच्या उड्डाणाआधीची रात्र बघा, २७ जानेवारी १९८६. रॉकेट बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी टेलिकॉन्फरन्समध्ये सांगितलं होतं की सांध्यातल्या रबरी कड्या थंडीत नीट बसत नाहीत, ५३ अंश फॅरनहाइटच्या (सुमारे १२ अंश सेल्सिअसच्या) खाली उड्डाण करू नका. नासाच्या अधिकाऱ्यांनी हरकत घेतली. कंपनीने आपसात बोलायला पाच मिनिटं मागितली, ती अर्ध्या तासावर गेली. त्यात अभियांत्रिकी प्रमुखाला सांगण्यात आलं की इंजिनिअरची टोपी काढ आणि मॅनेजरची घाल. शेवटचा निर्णय चार व्यवस्थापकांनी घेतला, अभियंत्यांचं मत पुन्हा विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं, सातही अंतराळवीर गेले.

त्या माणसांना मूल्यं माहीत नव्हती असं नाही. एरवी ‘सुरक्षित आहे हे सिद्ध करा’ असा दंडक असतो. त्या रात्री तो उलटा झाला आणि अभियंत्यांवर ‘असुरक्षित आहे हे सिद्ध करा’ अशी पाळी आली. हा पालट मिटिंगमध्ये ओळखू आला पाहिजे. ‘पुरावा नक्की कोणी द्यायचा आहे?’ असं तिथल्या तिथे विचारता येतं.

तुमच्याकडे लगेच करण्यासारखं : सर्वांत कनिष्ठाने आधी बोलायचं, प्रमुखाने शेवटी. प्रमुख आधी बोलले की बाकीच्यांची मतं त्यांच्याभोवती गोळा होतात. महत्त्वाच्या निर्णयाआधी एका माणसावर विरोधी बाजू मांडायचं काम सोपवा आणि दर वेळी माणूस बदला, नाहीतर त्याच्यावर कायमचा ‘नन्नाचा पाढा’ म्हणून शिक्का बसतो. असहमती इतिवृत्तात कारणासह आणि नावासह लिहा. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांच्या १९५० च्या दशकातल्या प्रयोगांत गटाबरोबर डोळ्यांदेखत चुकीचं उत्तर देणारे बरेच निघाले, पण एकही जोडीदार खरं बोलला की हे प्रमाण झपाट्याने उतरलं. म्हणजे सगळ्यांनी शूर असण्याची गरज नाही, दुसरा माणूस पुरतो.

आणि बढती कशावर मिळते तेही तपासा. वेळेत माल पाठवणाऱ्यालाच शाबासकी आणि माल थांबवणाऱ्याला कायम जाब, असं असेल तर भिंतीवरची शपथ कोणी वाचणार नाही.

प्रश्न : काम देऊन झाल्यावर स्वतःचीच गंभीर चूक लक्षात आली तर?

पहिल्याच दिवशी सांगा. अपूर्ण असलं तरी सांगा : काय आढळलं, कोणाला धोका असू शकतो, तूर्त काय थांबवावं, पुढची माहिती कधी देणार. ‘पूर्ण तपास करून मग सांगू’ यात आठवडे जातात, आणि त्या आठवड्यांत माणसं त्या वस्तूचा वापर करत असतात. जुन्या नोंदी खोडू नका. दुरुस्ती तारखेसह नवी लिहा.

न्यूयॉर्कच्या ५९ मजली सिटीकॉर्प इमारतीचे संरचना अभियंता विल्यम लमेझरिए यांना १९७८ मध्ये, इमारत वापरात आल्यावर, तिरक्या वाऱ्याचा हिशेब पुन्हा करताना मोठा धोका दिसला. आराखड्यातले वेल्डिंगचे जोड प्रत्यक्षात बोल्टचे झाले होते. त्यांनी मालकांना स्वतः सांगितलं, आणि रात्री-रात्री काम करून जोडांवर पोलादी पट्ट्या वेल्ड केल्या गेल्या. याचं कौतुक होतं ते रास्तच. पण आतल्या आणि आसपासच्या लोकांना खरी गोष्ट १९९५ मध्ये छापून आल्यावर कळली, हे आम्हाला पटत नाही. ज्यांच्या जिवाला धोका त्यांना तो कळायला हवा होता.

प्रश्न : सप्लायरने दिलेली भेट घ्यावी का? नाही म्हटलं तर त्याला वाईट वाटतं.

तुम्ही या खुर्चीवर नसता तर ती मिळाली असती का, एवढं बघा. नसती मिळाली, तर ती खुर्चीला दिलेली आहे. निविदा उघडायची असेल किंवा बिल मंजुरीला असेल, तर पेनसुद्धा नको. परत करणं अवघड असेल तर त्याच दिवशी वरिष्ठांना लेखी कळवून ती कार्यालयात जमा करा. सप्लायरला एवढं लिहिलं तरी चालतं : ‘आठवणीने पाठवलंत, आभार. आमच्याकडे अशी वस्तू ठेवून घेता येत नाही, म्हणून परत करत आहे. तुमच्या कोटेशनचा विचार नेहमीप्रमाणेच होईल.’