विज्ञानकथा वाचण्याआधी चित्र काढून घ्या

भाऊ, वर्गात विज्ञानकथेवर चर्चा घ्यायची तर आधी कोरे कागद वाटा आणि 'शास्त्रज्ञाचं चित्र काढा' एवढंच सांगा. 'प्रयोगशाळा' हा शब्दही उच्चारू नका, नाहीतर तुमच्याच मनातलं कागदावर येईल. मग पांढरे कोट, चष्मे, विस्कटलेले केस मोजा, म्हणजे पोरांच्या मनातला ठरावीक शास्त्रज्ञ दिसेल. 1983 मध्ये संशोधक डेव्हिड चेंबर्स यांनी 4807 मुलांच्या अशा चित्रांचा अभ्यास मांडला. स्त्री-शास्त्रज्ञ फक्त 28 निघाल्या, त्याही सगळ्या मुलींनी काढलेल्या!

कथा वाचल्यावर विचारा: कथेतला शोध एकट्याला, एका रात्रीत लागला असता का? इथे घाई नको, पोरांना भांडू द्या. त्याच आठवड्यात जळगावचं केळी संशोधन केंद्र दाखवा. रोगट पान तपासणाराही शास्त्रज्ञच, हे दिसलंच पाहिजे. मग पुन्हा शास्त्रज्ञाचं चित्र काढून घ्या, पण हे दुसरं चित्र लगेच घेतलं तर मुलं तुम्हाला आवडेल तेच काढतात, महिनाभर थांबा.