आधी शब्द फोडा, मग पाठ करा
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

इंग्रजीतले लांबलचक शब्द लॅटिन आणि ग्रीक तुकड्यांतून कसे जुळतात, यावर गेल्या अंकात लेख आला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : मी बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले, आता नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. रोज ढीगभर नवे शब्द येतात. पाठ करते आणि आठवड्यात विसरते. मूळ शब्द शिकून खरंच उपयोग होईल का? सुरुवात कुठून करू? (विद्यार्थिनी, परभणी)

नक्की होईल. या पद्धतीचा सर्वांत जास्त फायदा वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनाच होतो. साहित्यातले किंवा बोलण्यातले शब्द शतकानुशतकं वापरून अर्थ बदलत आले. वैद्यकातले बहुतेक शब्द मात्र डॉक्टरांनी मुद्दाम घडवलेले आहेत, त्यामुळे तुकड्यांचे अर्थ बरेचसे ठरलेले राहिले.

पहिला नियम : शब्द शेवटाकडून वाचा. डेंग्यूच्या वॉर्डात हमखास कानावर पडणारा शब्द घ्या, थ्रॉम्बोसायटोपेनिया. शेवटचा तुकडा 'पेनिया', ग्रीकमध्ये गरिबी, तुटवडा. मधला 'सायटो', मूळ अर्थ पोकळ भांडं, आता पेशी. पहिला 'थ्रॉम्बो', म्हणजे गुठळी. रक्ताची गुठळी धरणाऱ्या पेशींचा तुटवडा, म्हणजेच प्लेटलेट दीड लाखाच्या खाली. आता एकेक तुकडा बदलून पाहा. 'थ्रॉम्बो'च्या जागी 'ल्युको' (पांढरा) आला की ल्युकोसायटोपेनिया, सुटसुटीत रूप ल्युकोपेनिया : पांढऱ्या पेशी कमी. शेवटी 'ओसिस' आलं की थ्रॉम्बोसायटोसिस : प्लेटलेट वाढलेल्या. एका शब्दाच्या कष्टात तीन शब्द पदरात पडले.

सुरुवात शेवटच्या तुकड्यांनी करा, अवयवांनी नको. 'आयटिस' म्हणजे दाह, 'अल्जिया' म्हणजे दुखणं, 'एमिया' म्हणजे रक्तातली स्थिती, 'पथी' म्हणजे विकार. असे वीस तुकडे आधी पक्के झाले की मग अवयवांची नावं घ्या. शस्त्रक्रियेचे तीन शेवट मात्र वेगळे काढून शिका, कारण चुका तिथेच होतात. 'ओटॉमी' म्हणजे नुसतं चिरणं. 'एक्टॉमी' म्हणजे चिरून बाहेर काढणं, कारण त्यातला 'एक' हा ग्रीक तुकडा 'बाहेर' सांगतो. 'ऑस्टॉमी'मध्ये 'स्टोमा' आहे, म्हणजे तोंड. तिथे नवी वाट उघडलेली असते. कोलेक्टॉमीत मोठं आतडं, पूर्ण किंवा काही भाग, काढून टाकतात. कोलॉस्टॉमीत आतड्याचं तोंड पोटावर आणतात आणि तिथे पिशवी लावावी लागते. केसपेपरवर या दोन शब्दांची गल्लत झाली, तर पेशंटची काळजीच चुकते.

अवयवांना बहुधा दोन नावं असतात, हे आधीच माहीत असलेलं बरं. मूत्रपिंड ग्रीकमध्ये 'नेफ्रॉस', लॅटिनमध्ये 'रेन'. म्हणून नेफ्रायटिस आणि नेफ्रॉलॉजिस्ट, पण रीनल आर्टरी. फुप्फुसांचंही तसंच : न्यूमोनिया ग्रीकमधून, पल्मनरी लॅटिनमधून. ढोबळमानाने रोग आणि शस्त्रक्रियांची नावं ग्रीक, शरीररचनेची लॅटिन. वहीत दोन्ही नावं एकाच ओळीत लिहा.

'हायपर' आणि 'हायपो' यांचा घोळ सगळ्यांचाच होतो. 'हायपर' हा आपल्या 'उपरि'चा नातेवाईक आणि 'हायपो' हा 'उप'चा. उपरि म्हणजे वर. उप म्हणजे जवळ, खालचा, जसं उपाध्यक्ष अध्यक्षाच्या खाली. एवढं धरून ठेवलं की हायपरग्लायसेमिया आणि हायपोग्लायसेमिया लिहिताना हात अडणार नाही. ड्यूटी देताना मात्र हे शब्द तोंडी सांगू नका, ऐकायला फार सारखे आहेत. 'शुगर वाढली' किंवा 'शुगर उतरली' असं सांगा आणि आकडा द्या.

प्रश्न : स्पर्धा परीक्षांची तयारी करतो. मुळांच्या याद्या पाठ आहेत, तरी अर्थ चुकतात. 'इन' म्हणजे नकार, म्हणून 'इनव्हॅल्युएबल' म्हणजे कवडीमोल आणि 'इन्फ्लेमेबल' म्हणजे न पेटणारं असं लिहिलं. दोन्ही चूक. मग याद्यांचा उपयोग काय? (उमेदवार, पुणे)

दोन्ही चुका वेगळ्या जातीच्या आहेत. 'इनव्हॅल्युएबल'मध्ये नकार आहेच, पण तो 'किंमत करता येण्या'चा. किंमत करता येत नाही इतकं मोलाचं. मराठीत 'अमूल्य' अगदी याच वाटेने झाला आहे आणि तो वाचताना तुम्ही एकदाही चुकला नसाल. 'इन्फ्लेमेबल'मधलं 'इन' मात्र नकाराचं नाहीच, ते 'आत, मध्ये' सांगणारं दुसरं 'इन' आहे. ज्यात ज्वाळा धरते ते इन्फ्लेमेबल. हा गैरसमज जिवावर बेतू शकतो, म्हणून टँकरवर आणि डब्यांवर आता 'फ्लेमेबल' लिहितात. न पेटणाऱ्याला 'नॉनफ्लेमेबल'.

दिसायला एक, पण मूळ दोन अशा जोड्या वेगळ्या पानावर काढा. 'पेड'ची जोडी सर्वांत फसवी. पेडल आणि पेडेस्ट्रियनमध्ये लॅटिनचा पाय आहे, आपल्या 'पद'चा भाऊ. पीडिअॅट्रिशियनमध्ये ग्रीकचं मूल आहे. ऑर्थोपेडिकमध्ये पुष्कळांना पाय दिसतो, पण तिथेही मूलच आहे : निकोला आंद्री या फ्रेंच वैद्याने 1741 साली मुलांच्या शरीरातले बाक सरळ करण्याच्या विद्येसाठी हा शब्द घडवला. 'होमो'चंही तसंच, होमो सेपियन्समध्ये लॅटिनचा माणूस, होमोजीनिअसमध्ये ग्रीकचं 'समान'. आणि 'अँटी' म्हणजे विरुद्ध, तर 'अँटे' म्हणजे आधी. गरोदरपणातल्या तपासणीला पुष्कळ जण 'अँटीनेटल' लिहितात. तसं लिहिलं तर अर्थ जन्माच्या विरोधातला होईल. बरोबर शब्द अँटेनेटल, घड्याळातल्या 'ए.एम.'मधला 'ए' म्हणजे हाच 'अँटे'.

याद्या चुकीच्या नाहीत, त्यांच्याकडून अपेक्षा जास्त आहे. शाळेत हृ धातू शिकताना प्रहार, आहार, विहार, संहार, परिहार ही माळ पाठ केली असेल. उपसर्ग धातूचा अर्थ बळाने दुसरीकडे ओढून नेतो, हे आपल्या जुन्या वैयाकरणांनी श्लोकात बांधून ठेवलं आहे. नुसता 'हृ' माहीत असून 'विहार' कळत नाही. तसंच 'ड्यूक' म्हणजे नेणं, एवढ्यावर 'डिड्यूस'चा (निष्कर्ष काढणं) नेमका अर्थ हाती लागत नाही. मूळ कळल्यानंतर अर्थ लक्षात राहतो, हा त्याचा खरा उपयोग.

काही शब्द तर मुळापासून पार दूर गेले आहेत. 'डेसिमेट' म्हणजे रोमन सैन्यात शिक्षा म्हणून दहांतला एक मारणं. आज त्याचा अर्थ मोठा संहार. 'मॅन्युफॅक्चर'मध्ये हात आहे, पण कारखान्यात यंत्रच काम करतं. म्हणून क्रम असा ठेवा : शब्द फोडा, अंदाज पेन्सिलने लिहा, शब्दकोशात अर्थ पाहा, आणि उताऱ्यातलं एक वाक्य उतरवून घ्या. अंदाज चुकला तर तो खोडू नका. शेजारी खरा अर्थ लिहा. परीक्षेच्या आधी ही चुकलेल्यांची पानं वाचा, संपूर्ण यादी नव्हे.

प्रश्न : मुलगी सातवीत आहे. इंग्रजी स्पेलिंगमध्ये कुठलं अक्षर दोनदा लिहायचं, यातच मार्क जातात. काही युक्ती आहे का? (पालक, नाशिक)

आहे, आणि ती तिने मराठीच्या तासाला शिकलेलीच असते : व्यंजनसंधी. सत् आणि जन मिळून सज्जन होतं, उत् आणि लेख मिळून उल्लेख. पुढच्या व्यंजनासाठी मागचं व्यंजन त्याच्यासारखं होतं. लॅटिनमध्ये हेच घडलं. 'इन' आणि 'लीगल' मिळून 'इल्लीगल', म्हणून दोन एल. 'इन' आणि 'रेग्युलर' मिळून दोन आर. 'अॅड' (कडे) हा उपसर्ग तर बऱ्याच व्यंजनांपुढे रूप बदलतो : अॅट्रॅक्टमध्ये दोन टी, अॅपिअरमध्ये दोन पी, अराइव्हमध्ये दोन आर.

आता सगळ्यांना छळणारा शब्द, अकॉमोडेट. तो अॅड + कॉम + मोड असा आहे. 'अॅड'चा डी पुढच्या सीसारखा झाला म्हणून दोन सी. 'कॉम'चा एम आणि 'मोड'चा एम मिळून दोन एम. रेकमेंड म्हणजे रे + कॉम + मेंड, म्हणून सी एक आणि एम दोन. डिसअपॉइंट म्हणजे डिस + अपॉइंट, म्हणून एस एक आणि पी दोन. शब्द उभ्या रेघांनी तोडून लिहायला सांगा. जोड दिसला की किती अक्षरं ते वेगळं पाठ करावं लागत नाही. अपवाद आहेत. 'ऑमिट'मध्ये उपसर्गाचा बी पुसूनच गेला आणि एम एकटा राहिला. असे शब्द थोडे आहेत, ते वहीच्या शेवटच्या पानावर ठेवावेत.

प्रश्न : मी मराठी शिकवते. संस्कृत आणि लॅटिन-ग्रीक यांचं नातं वर्गात सांगावं असं वाटतं, पण ऐकीव गोष्टी सांगायच्या नाहीत. खात्रीचं काय आहे? (शिक्षिका, कोल्हापूर)

तिन्ही भाषा बहिणी आहेत, कुणी कुणाची आई नाही. हे साम्य योगायोगाचं असू शकत नाही आणि मूळ एकच असावं, ही मांडणी सर विल्यम जोन्स यांनी 1786 साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत केली. पुढे भाषाशास्त्रज्ञांनी ध्वनिबदलांचे नियम काढून ती पक्की केली.

वर्गात बिनधास्त सांगण्यासारख्या जोड्या : दंत आणि डेंटल, नव आणि नोव्हेल, अग्नी आणि इग्नाइट, दान आणि डोनेट, सप्त आणि सप्टेंबर, अष्ट आणि ऑक्टोबर. रोमन वर्ष पूर्वी मार्चपासून सुरू व्हायचं, म्हणून सप्टेंबर सातवा. उपसर्ग तर आणखी सुंदर आहेत. नकाराचा 'अ' व्यंजनापुढे 'अ' राहतो आणि स्वरापुढे 'अन्' होतो : असत्य, पण अनावश्यक. ग्रीकमध्ये नियम तोच : एथिइस्ट, पण अॅनार्की. 'दुस्'चा भाऊ 'डिस' हा डिस्पेप्सिया, डिसेंट्रीमध्ये आहे. हा ग्रीक 'डिस' वायने लिहितात. डिसअपॉइंटमधला लॅटिन 'डिस' आयने, त्याच्याशी गल्लत होऊ देऊ नका.

नुसत्या सारख्या आवाजावर मात्र नातं जोडू नका. 'देव' आणि ग्रीक 'थिऑस' (थिऑलॉजीमधला) सारखे वाटतात, अर्थही एकच, तरी नातं नाही. 'देव'चा खरा भाऊ लॅटिनचा 'डेऊस', ज्याच्यापासून डीइटी आला. मोठ्या इंग्रजी शब्दकोशात शब्दाच्या नोंदीत मूळ दिलेलं असतं. तिथे पाहिल्याशिवाय फळ्यावर जोडी लिहू नये.

प्रश्न : नोकरी करतो, दिवसाला अर्धा तास मिळतो. किती मुळं शिकावीत आणि कशी? (वाचक, डोंबिवली)

आठवड्याला पाच, जास्त नाही. एका मुळाला एक कार्ड. समोर मूळ आणि अर्थ, मागे फक्त चार शब्द, त्यातले दोन तरी तुम्हाला आधीपासून माहीत असलेले. उदाहरणार्थ 'रप्ट' म्हणजे तुटणं : इंटरप्ट आणि करप्ट ओळखीचे, इरप्ट आणि रप्चर नवे. ओळखीच्या शब्दाचा आधार नसेल तर मूळ हवेत तरंगत राहतं आणि आठ दिवसांत निसटतं. कार्ड दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने उलटून पाहा. एका बसण्यात वीस मुळं घेतली की 'स्क्राइब' आणि 'स्पेक्ट' एकमेकांत मिसळतात, हे ठरलेलं.

सुरुवातीला पोर्ट, डिक्ट, स्पेक्ट, स्क्राइब, रप्ट, मिट, ड्यूक, ट्रॅक्ट, फॅक्ट आणि व्हर्ट ही दहा लॅटिन मुळं घ्या. ऑफिसच्या ईमेलमध्ये आणि वर्तमानपत्राच्या अग्रलेखात हीच पुनःपुन्हा भेटतील.

पण सहकाऱ्यांशी बोलण्याचं इंग्रजी यातून सुधारेल असं धरू नका. 'गेट ओव्हर', 'पुट अप विथ', 'टेक आफ्टर' हे बोलण्यातले शब्द लॅटिन-ग्रीकमधून आलेले नाहीत. ते जर्मॅनिक घराण्यातून आलेले आहेत आणि फोडून काहीच हाती लागत नाही. अर्ध्या तासातली दहा मिनिटं त्यांच्यासाठी ठेवा, आणि ते अख्ख्या वाक्यासकट, कानांनी ऐकून शिका.