आडव्या वाऱ्यात स्लिप: थ्रस्टरचं नंतर बघा, आधी दोर

आडव्या वाऱ्यात मरीनाच्या (बोटी ठेवायच्या बंदराच्या) स्लिपमध्ये, म्हणजे एका बोटीपुरत्या जागेत, बोट कशी लावायची या तुमच्या प्रश्नातल्या एका वाक्यावर थबकलो: 'मरीनाच्या माणसाने पुढचा दोर घट्ट बांधला आणि बोट मागून फिरून शेजाऱ्यावर गेली.' साडेआठ मीटरची, एका इंजिनाची स्टर्नड्राइव्ह (इंजिन आत, प्रोपेलरचा वळणारा पाय मागे बाहेर), २० नॉटचा (ताशी सुमारे ३७ किमी) आडवा वारा, दोनदा माघार, आणि शेवटी 'बो थ्रस्टर (तोंड बाजूला ढकलणारा पुढचा छोटा पंखा) बसवू का' ही विचारणा, हे सगळं मला त्या वाक्यापुढे दुय्यम वाटतं. माझी बोटही जवळपास याच मापाची आहे आणि हाच प्रकार तिच्यावर होऊन गेलाय. त्यामुळे लिहिताना जरा लांबण लागेल.

फेंडर (बोटीच्या बाजूला लटकवायच्या, धक्का शोषणाऱ्या फुगीर गाद्या), लाइफ जॅकेट, दोर आधीच काढून ठेवणं, हे तुम्ही करतच असाल. त्यात शिरत नाही. मी प्रशिक्षक नाही, आणि दोन इंजिनं नि शाफ्ट (न वळणाऱ्या दांड्यावरचे प्रोपेलर) असलेल्यांनी खालचं जसंच्या तसं उचलू नये. त्यांना चाक सरळ ठेवून नुसत्या दोन गिअरवर बोट फिरवता येते, आपल्याला नाही.

थ्रस्टरचा हिशेब आधी उरकतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. १० नॉटला दर चौरस मीटरला दीड-पावणेदोन किलो, २० नॉटला साडेसहा, २५ ला दहाच्या वर. कॅनोपी (कापडी छत) उभी असताना तुमच्या बोटीची बाजू १५ चौरस मीटर धरली, तर २० नॉटला शंभर किलोच्या आसपास रेटा बसतो. थ्रस्टर पार पुढे असल्याने तरफेचा फायदा मिळतो आणि साधारण निम्मा रेटा पेलला तरी भागतं. म्हणजे ५० किलो. या मापाच्या बोटींना बहुधा ३० ते ४० किलोचा थ्रस्टर लावतात. १५ नॉटला तो छान काम करेल, २० ला धापा टाकेल, २५ ला नुसता आवाज. शिवाय इलेक्ट्रिक थ्रस्टर सलग दोन-तीन मिनिटं चालवला की तापून बंद पडतो, तोही नेमका शेजाऱ्याच्या नांगरासमोर. हिशेब ढोबळ आहे, बोटीच्या आकाराप्रमाणे बदलेल. घेऊ नका असं म्हणत नाही, पण तुमचा घोटाळा त्याने सुटला नसता. त्यापेक्षा आत येण्याआधी कॅनोपीचे पडदे उतरवा. ते फुकट आहे.

आता बोटीचा स्वभाव. पॉवरबोट पुढे उंच आणि पाण्यात उथळ, मागे जड आणि ड्राइव्ह पाण्यात रुतलेला. न्यूट्रलमध्ये सोडली की वारा तिचं तोंड ढकलतो आणि थोड्या वेळात ती वाऱ्याकडे पाठ करते. याच्याशी भांडण्यात अर्थ नाही. उलट हे वापरायचं: वाट बघायची असेल तर पाठ वाऱ्याकडे ठेवून रिव्हर्सचे हलके ठोके द्या, बोट बरीच शांत उभी राहते. तोंड वाऱ्याकडे ठेवून थांबायचा प्रयत्न केलात की ते सारखं एका बाजूला पडत राहतं आणि तुम्ही चाक फिरवून फिरवून घामाघूम होता.

स्लिपला आडवा वारा म्हणजे दोन रांगांमधल्या पाण्याच्या गल्लीत तो लांबीने वाहतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. तोंडाने शिरायचं असेल तर गल्लीत शक्यतो वाऱ्याच्या समोरून या. वारा ब्रेकचं काम करतो आणि जमिनीच्या हिशेबाने वेग कमी राहतो. वळायला मात्र घाई नको. स्लिपचं वाऱ्याकडचं टोक बाजूला आलं की मग वळा, कारण वळताक्षणी वारा तोंड ढकलू लागतो आणि अख्खी बोट वाऱ्याच्या दिशेने सरकते. लवकर वळलात तर शेजारच्या स्लिपमध्ये शिराल. चाक आधी फिरवायचं, मग गिअर. स्टर्नड्राइव्हला न्यूट्रलमध्ये रडर (सुकाणू) नसतो, त्यामुळे गिअर टाकून मग चाक फिरवणं म्हणजे चुकीच्या दिशेला एक ढकल फुकट देणं. वारा पाठीवर घेऊन येण्यावाचून गत्यंतर नसेल, तर मी तोंडाने शिरायचा हट्ट सोडतो आणि स्लिप ओलांडून रिव्हर्समध्ये आत जातो. त्याचं तंत्र वेगळं आहे, इथे ते मिसळत नाही.

'हळू, आणखी हळू' हा सल्ला मला आडव्या वाऱ्यात पटत नाही. बोटीची लांबी भरून आत जायला १ नॉटला १६-१७ सेकंद लागतात, २ नॉटला त्याच्या निम्मे. वारा मात्र प्रत्येक सेकंदाला बोट बाजूला ढकलतच असतो. धाडकन आत घुसा असं नाही, पण तोंड आत जाईपर्यंत गिअर काढू नका. झोत ओसरायची वाट बघा, आणि झेंडा बघायचा तो तुमच्या स्लिपजवळचा. बाहेरच्या खांबावरचा झेंडा वेगळीच गोष्ट सांगत असतो.

मग दोर. फिंगर (स्लिपच्या कडेचा अरुंद धक्का) वाऱ्याच्या खालच्या बाजूला, म्हणजे वारा ढकलतो तिकडे, असेल तर वाराच तुम्हाला त्याच्यावर टेकवेल, फेंडर लावा आणि बसा. फिंगर वाऱ्याकडे आणि शेजाऱ्याची बोट वाऱ्याच्या खालच्या बाजूला, ही खरी वाईट जागा. तिथे पहिला दोर बोटीच्या मधल्या क्लीटचा (दोर बांधायच्या खुंट्याचा), आणि तो फिंगरच्या बाहेरच्या टोकाच्या क्लीटवर. बोट आत सरकते, दोर मागे ताणला जातो आणि तिला थांबवतो. आता गिअर पुढे, आयडलवरच, आणि चाक फिंगरच्या उलट बाजूला. बोट आपोआप फिंगरला चिकटून उभी राहते, झोत आला तरी. बाकीचे दोर मग निवांत बांधा. हा मधला दोर शांत दिवशी मापून त्यावर खूण करून ठेवा, म्हणजे तोंड समोरच्या धक्क्याला लागायच्या आत बोट थांबेल.

पुढचा दोर पहिला बांधला तर काय होतं ते तुम्ही पाहिलंच. तोंड अडकतं, बोटीला वेग असतोच, आणि वारा मागची बाजू घेऊन जातो. ती परत आणायला तुमच्याकडे काहीही उरत नाही.

माझ्या वेळी हे एका मरीनाच्या ऑफिसच्या कृपेने झालं. रेडिओवर दोनच गोष्टी विचारल्या होत्या: फिंगर कुठल्या बाजूला, आणि वारा उतरेपर्यंत रांगेच्या टोकाची बाहेरची जागा मिळेल का. पहिल्याचं उत्तर आलं, 'डावीकडे.' दुसऱ्याचं, 'ती राखीव आहे.' कोणासाठी, कधीपर्यंत, काही नाही. ती जागा रात्रभर रिकामी होती, मी स्वतः बघत होतो. आणि ते 'डावीकडे' म्हणजे धक्क्यावर उभं राहून पाण्याकडे बघताना डावीकडे. तोंडाने शिरणाऱ्याच्या ते उजव्या हाताला. सगळे फेंडर डावीकडे लटकलेले, वारा उजवीकडून. शेवटच्या क्षणी फेंडर हलवायची धावपळ, तेवढ्यात धक्क्यावरच्या माणसाने रेलिंगवरचा पुढचा दोर हुकने ओढून घेतला आणि क्लीटवर आवळला. 'नको, मधला घ्या' असं आम्ही दोघं ओरडत होतो. त्याचं म्हणणं, 'मी रोज करतो.' पुढच्या काही सेकंदांत शेजाऱ्याच्या आउटबोर्डचा (मागे बाहेर लावलेल्या इंजिनाचा) प्रोपेलर आमच्या जेलकोटमधून (बोटीच्या बाहेरच्या चकचकीत थरातून) लांब ओरखडा काढत गेला आणि त्याच्या इंजिनाचं कव्हर फुटलं.

एवढ्यावर संपलं असतं तरी चाललं असतं. ऑफिसात गेलो तर 'बोट तुमची, दोर तुमचा, जबाबदारी स्किपरची (बोट चालवणाऱ्याची).' कागदावर ते बरोबरही असेल, अशा अटी मरीनाच्या करारात हमखास असतात. पण त्यांच्याच छतावर वाऱ्याचं मीटर फिरत होतं. त्या तासाची नोंद मागितली तर मॅनेजर आल्यावर बघू. मॅनेजर आले तर लेखी अर्ज द्या. अर्ज दिला तर नोंद आता शिल्लक नाही. दोर बांधणाऱ्या माणसाचं दोन ओळींचं निवेदन मागितलं तर तो रजेवर. आणि विमावाल्यांना नेमके हेच दोन कागद हवे होते. शेवटी दोन्ही बोटींचा खर्च माझ्या खिशातून गेला. जेलकोटचं दुःख नाही, त्या हेलपाट्यांचं आहे. अजूनही लिहिताना डोकं फिरतं.

म्हणून आता ऑफिसशी मी असं बोलतो. डावं-उजवं विचारतच नाही. 'फिंगर स्लिपच्या उत्तरेला की दक्षिणेला' असं विचारतो. होकायंत्र कुठे उभं राहून बघितलं यावर बदलत नाही. शेजारी बोट आहे का, आणि तिचं इंजिन बाहेर निघालेलं आहे का, हेही विचारतो. आणि टोकाची जागा नाकारली तर बाहेर थांबतो, दुसरीकडे जातो. दिलेली स्लिप घेतलीच पाहिजे असं नसतं. लोक इथे भिडेला बळी पडतात, मागे दोन बोटी रांगेत आहेत, धक्क्यावर चार जण बघतायत, म्हणून शिरतात.

पुढचा दोर रेलिंगवर लटकवू नका. गुंडाळून आत, दिसणार नाही असा ठेवा. मधला लागल्याशिवाय तो बाहेर काढायचा नाही. धक्क्यावर कोणी हात पुढे केलाच तर त्याला मधल्या दोराचा फास द्या, 'फक्त क्लीटवर अडकवा, ओढू नका' एवढंच सांगा, आणि दुसरं टोक बोटीवर आपल्या माणसाच्या हातात ठेवा. दोर किती सोडायचा ते बोटीवर ठरलं पाहिजे. अंगाच्या जोरावर धरायचा नाही, क्लीटला एक वेढा घेऊनच. आणि बोट नि धक्का यांच्यामध्ये पाय घालणाऱ्याला, तो कितीही जवळचा असो, मी ओरडतो. काही टनांची बोट पायाने थांबत नाही.

काही लागलंच तर दोर सोडायच्या आधी फोटो काढा: कुठला दोर कुठल्या क्लीटवर आहे, झेंडा कसा फडफडतोय, वेळ. ऑफिसशी पुढचं सगळं बोलणं ईमेलवर. विम्याच्या अटी प्रत्येकाच्या वेगळ्या, त्यामुळे तुमची पॉलिसी वाचून घ्या, माझ्यावर जाऊ नका.

जाता जाता एक: दोघांसाठी कानाला लावायचे हेडसेट घ्या. आमच्या बोटीवरची आरडाओरड त्याने निम्मी झाली. आणि हे सगळं आधी मोकळ्या पाण्यात, दोन फेंडर दोराने तरंगत ठेवून, त्यांना स्लिपची टोकं समजून करून बघा.

तुम्ही तीन गोष्टी लिहिल्या नाहीत: स्लिप किती रुंद, फिंगर वाऱ्याकडे की उलट, आणि गल्ली बोटीच्या लांबीच्या किती पट. गल्ली दीडपटीपेक्षा कमी असेल तर मी वर लिहिलेलं वळण तिथे बसणार नाही. मग २० नॉटला ती जागा सरळ नाकारा, थ्रस्टर असो वा नसो.