हलणारा अँकर : हेलिकॉप्टरमधून दोरानं उतरण्याविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी निवडलेले सगळे प्रश्न एकाच विषयाचे आहेत : हवेत एका जागी थांबलेल्या हेलिकॉप्टरमधून दोरानं सुरक्षित खाली कसं उतरायचं आणि ते शिकवतात कसं. उत्तरं वाचून कोणी दोराला लटकू नये. ही माहिती प्रशिक्षकासमोर चांगले प्रश्न विचारता यावेत यासाठी आहे.

प्रश्न : मी बरीच वर्षं कड्यांवर रॅपलिंग करतो. दोर तोच, हार्नेस (अंगाला बांधायचे पट्टे) तोच, डिसेंडर (दोर ज्यातून घासत जातो आणि वेग आवरला जातो ते धातूचं साधन) तोच. मग हेलिकॉप्टरसाठी वेगळं प्रशिक्षण कशाला?

कड्यावर अँकर, म्हणजे दोर ज्याला बांधतात तो आधार, खडकात असतो आणि तो जागचा हलत नाही. इथे अँकर म्हणजे खुद्द हेलिकॉप्टर. पायलट कितीही कसलेला असला तरी ते थोडं पुढे-मागे, थोडं वर-खाली होतच राहतं. बाकीचे सगळे फरक इथूनच निघतात, आणि त्यामुळेच कड्यांवर मुरलेल्या माणसाला काही चांगल्या सवयी मुद्दाम मोडाव्या लागतात.

कड्यावर दोराच्या टोकाला गाठ मारणं शहाणपणाचं असतं, कारण दोर संपून माणूस खाली पडू नये. इथे टोक मोकळं ठेवतात. खाली पोचल्यावर दोर डिसेंडरमधून सरळ निसटून गेला पाहिजे. गाठ अडकली आणि तेवढ्यात हेलिकॉप्टर वर उचललं गेलं, तर माणूसही वर जाईल. दोर संपण्याचा धोका दुसऱ्या रीतीनं टाळतात : दोर उंचीपेक्षा काही मीटर जास्त घेतात आणि त्याचं टोक जमिनीवर पडलेलं डोळ्यांनी दिसल्याशिवाय पहिल्या माणसाला सोडत नाहीत. प्रुसिकच्या, म्हणजे दोराभोवती गुंडाळलेल्या आणि ताण येताच आवळणाऱ्या बारीक दोरीच्या फासाच्या, बॅकअपचंही तसंच. कड्यावर तो जीव वाचवतो, इथे जमिनीवर पोचल्यानंतर तो सोडवत बसायला वेळ नसतो.

झटके देत, उड्या मारत उतरण्याची हौस तर पूर्ण सोडून द्यावी. शंभर किलोचा माणूस वेगात येऊन एकदम थांबला, की दोरावर त्याच्या वजनाच्या दुपटीहून जास्त ताण सहज येतो. हा ताण हेलिकॉप्टरच्या मध्यावर पडत नाही, एका कडेला पडतो. यंत्र त्या बाजूला कलतं, पायलट ते सावरतो, आणि त्या सावरण्यानं दोरावरचा माणूस झोके खायला लागतो. डाव्या-उजव्या बाजूनं दोघांना एकाच वेळी सोडतात तेही वजनाचा तोल राखण्यासाठीच.

आणि वारा. ८ टन वजनाचं, १६ मीटर व्यासाच्या रोटरचं हेलिकॉप्टर स्वतःला हवेत धरून ठेवण्यासाठी जी हवा खाली ढकलतं, तिचा वेग गणितानं ताशी ९० किलोमीटरच्या आसपास येतो. धूळ, काटक्या, सैल टोपी, न बांधलेला दोर, सगळं उडतं. रिकाम्या दोराचं हलकं टोक वर उडून शेपटीच्या पंख्यात गेलं तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून दोर वजनदार पिशवीतून सोडतात किंवा टोकाला वजन बांधतात.

प्रश्न : प्रशिक्षणाचे टप्पे कोणते? थेट हेलिकॉप्टरमध्ये कधी नेतात?

थेट कधीच नाही. सुरुवात जमिनीवर होते, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा भागही तोच. गाठी, हार्नेस घालणं, डिसेंडरमध्ये दोर भरणं, जोडीदाराची तपासणी. तपासणीचा क्रम डोक्यापासून पायापर्यंत ठरलेला असतो : हेल्मेटचा हनुवटीचा पट्टा, हार्नेसची बकलं उलटून पक्की केली आहेत का, कॅराबिनरचं (उघडझाप होणाऱ्या धातूच्या कडीचं) कुलूप फिरवलेलं आहे का, दोर डिसेंडरमध्ये योग्य बाजूनं गेला आहे का, हातमोजे, सुरी, आणि शेवटी सैल लोंबणारं काही. नुसतं बघून चालत नाही. कॅराबिनर दाबून पाहायचा, बकल ओढून पाहायचं. अंधारात आणि प्रचंड आवाजात हाताला जे कळतं ते डोळ्यांना कळत नाही.

कॅराबिनरकडे विशेष लक्ष हवं. चांगला अॅल्युमिनियमचा कॅराबिनर लांबीच्या दिशेनं २० किलोन्यूटनहून (सुमारे दोन टन वजनाहून) अधिक ताण सहन करतो, पण तोच आडवा फिरला तर जेमतेम ७-८. बसून उठताना, दाराकडे सरकताना तो आडवा फिरतो. म्हणून ताण येण्याच्या क्षणी पुन्हा एक नजर टाकायची.

मग मनोरा, १०-१५ मीटरचा. आधी भिंतीच्या बाजूनं, नंतर मोकळ्या बाजूनं. वर हेलिकॉप्टरच्या दारासारखी चौकट आणि स्किडसारखी (हेलिकॉप्टर जमिनीवर ज्यावर टेकतं त्या आडव्या नळीसारखी) दांडी बसवलेली असते. त्यानंतर पंखा बंद असलेल्या खऱ्या हेलिकॉप्टरमध्ये बसून नुसती तालीम : कोण कुठे बसणार, कोणाचा दोर कुठल्या अँकरला, कोण आधी उठणार. पुढे पंखा फिरत असताना तीच तालीम जमिनीवर. आवाजानं तोंडी आज्ञा निरुपयोगी ठरतात आणि हाताच्या खुणांवर काम करावं लागतं, ते इथे पहिल्यांदा अंगवळणी पडतं.

या तालमीत एक क्रम अक्षरशः रक्तात भिनवायचा असतो. आसनाचा पट्टा किंवा सुरक्षा-दोरी *सगळ्यात शेवटी* सुटते. आधी दोर डिसेंडरमध्ये, कॅराबिनरला कुलूप, दारातल्या स्पॉटरची (उतरणाऱ्यांवर लक्ष ठेवणाऱ्याची) तपासणी, ब्रेकचा हात (दोर आवळून वेग रोखणारा) दोरावर घट्ट, आणि मग पट्टा. उघड्या दारात एकही क्षण असा नको, की माणूस कशालाच बांधलेला नाही.

खऱ्या उतरणीची सुरुवात साधारण १५ मीटरवरून, दिवसा, मोकळ्या मैदानावर, पाठीवर ओझं न घेता. हे सहज जमलं की एका वेळी एकच गोष्ट वाढवायची : उंची, मग ओझं, मग झाडी किंवा उतार, आणि सगळ्यात शेवटी रात्र. एकदम दोन गोष्टी वाढवल्या, तर चूक कशामुळे झाली ते ना शिकणाऱ्याला कळतं ना शिकवणाऱ्याला. उन्हाचा दिवस आणि समुद्रसपाटीपासूनची उंचीही हिशेबात धरावी लागते. गरम, विरळ हवेत इंजिन आणि रोटर दोन्हींची ताकद कमी पडते, आणि जमिनीपासून उंच एका जागी थांबणं हे तसंही हेलिकॉप्टरसाठी सगळ्यात जास्त ताकद खाणाऱ्या कामांपैकी एक आहे. अशा दिवशी कमी माणसं घेऊन जावं लागतं.

प्रश्न : मनोऱ्यावर दोनदा माझं हेल्मेट स्किडवर आपटलं. प्रशिक्षक म्हणतात, "पाय लवकर सोडतेस." नेमकं काय चुकतंय?

प्रशिक्षकांचं बरोबर आहे. स्किडवर तुम्ही हेलिकॉप्टरकडे तोंड करून उभ्या असता, पाय खांद्याइतके फाकलेले, चवडे दांडीवर. भीती वाटली की शरीर दांडीला चिकटून राहतं आणि गुडघे वाकतात. या अवस्थेत पाय सुटले, की अंग सरळ खाली जातं आणि वाटेत दांडी तोंडासमोर येते.

करायचं याच्या उलट. गुडघे ताठ, कंबरेत वाकून अंग मागे झोकायचं, म्हणजे पाय आणि धड यांचा काटकोन होईल. पूर्ण वजन दोरावर टाकायचं. पहिल्या अर्ध्या मीटरला मन याला तयार नसतं, ते स्वाभाविक आहे. आता पाय तिथेच ठेवून दोर हळूहळू सोडत जायचं. कंबर दांडीच्या खाली गेली, डोकंही खाली उतरलं, की *मगच* चवडे सुटू द्यायचे. अंग आपसूक झुलत दांडीच्या खालून आत येतं आणि डोक्याला काही लागत नाही. काही पद्धतींत जोरात मागे उडी मारून दांडी टाळतात. तीही चालते, पण तिच्या शेवटी झटका येतो, म्हणून शिकताना आम्ही हळू सरकण्याच्या बाजूचे आहोत.

या सगळ्या वेळात ब्रेकचा हात कंबरेमागे. तोल गेल्यावर दांडी पकडायला जो हात नकळत पुढे जातो, तो नेमका हाच असतो. मनोऱ्यावर एवढ्या उतरणी करून घेतात, त्या ही एक प्रतिक्षिप्त क्रिया मोडण्यासाठी.

प्रश्न : हातमोजे इतके जाड का? नुसत्या उतरण्यानं एवढी उष्णता खरंच तयार होते?

हिशेब करून पाहा. सामानासकट १०० किलोचा माणूस ३० मीटर खाली आला, तर सुमारे २९ हजार जूल ऊर्जा घर्षणात जिरते. फिगर ऑफ एट, म्हणजे इंग्रजी आठच्या (8) आकाराचा, डिसेंडर १२० ग्रॅमचा धरला आणि सगळी उष्णता त्यातच राहिली असती, तर त्याचं तापमान सुमारे २७० अंश सेल्सिअसनं वाढलं असतं. प्रत्यक्षात बरीच उष्णता दोरात, तो आवळणाऱ्या हातात आणि हवेत जाते. पण दोरांमध्ये वापरलं जाणारं एक नायलॉन २२० अंशांच्या आसपास वितळतं, हे लक्षात घेतलं की मुद्दा कळतो.

हळू उतरल्यानं एकूण उष्णता कमी होत नाही, ती पसरायला वेळ मिळतो. सेकंदाला दोन-अडीच मीटर हा शिकणाऱ्यासाठी चांगला वेग. म्हणजे ३० मीटरला बारा ते पंधरा सेकंद. वेग अर्ध्या वाटेपासूनच कमी करत यायचं, शेवटच्या तीन मीटरमध्ये नाही. आणि खाली पोचल्यावर तापलेला डिसेंडर दोरावर एका जागी टेकवून उभं राहू नका, तिथेच दोराचं वेष्टन भाजतं. मागे चालत जाऊन टोक बाहेर काढा.

प्रश्न : काही जवान हार्नेस न बांधता जाड दोरावरून नुसते हातांनी घसरत येताना दिसतात. ते काय असतं?

ते फास्ट रोप. दोर साधारण ४० मिलिमीटर जाड आणि वेणीसारखा विणलेला असतो, त्यामुळे लटकल्यावर गरगरत नाही. ही पद्धत ब्रिटिशांनी विकसित केली आणि १९८२ च्या फॉकलंड युद्धात ती वापरली गेली. माणूस दोराला कशानंही बांधलेला नसतो. वेग हातांच्या पिळानं, ओला टॉवेल पिळावा तसा, आणि दोन पावलांमध्ये दोर आवळून आटोक्यात ठेवायचा. फायदा वेगाचा : खाली काही सोडवायचं नसतं आणि एकामागून एक माणसं काही सेकंदांत उतरतात.

पकड सुटली की मात्र सगळं संपलं, दुसरा आधार नाही. दोर ओला, तेलकट किंवा गोठलेला असेल तर पकड भरवशाची राहत नाही. जड सामान घेऊन उतरायला ही पद्धत योग्य नाही. इजा होण्याचं आणखी एक नेहमीचं कारण खाली असतं : आधीचा माणूस दोराच्या पायथ्याशी रेंगाळतो आणि पुढचा त्याच्या डोक्यावर येतो. पाय टेकताच बाजूला व्हायचं, मग वर बघायचं.

प्रश्न : दोरावर असताना डिसेंडरमध्ये कपडा किंवा केस अडकले तर? आणि हेलिकॉप्टरला अचानक जावं लागलं तर?

आधी, अडकू नये म्हणून : केस बांधून हेल्मेटच्या आत, हनुवटीच्या पट्ट्याचं टोक खोचलेलं, जाकिटाची चेन वरपर्यंत, खिशांबाहेर काही नको. तरीही अडकलं, तर ब्रेक लावून दोर बांधून घ्या आणि वर ठरलेली खूण करा. मग प्रुसिकचा फास डिसेंडरच्या वर दोरावर चढवून त्यात पाय घाला, उभे राहा आणि डिसेंडरवरचं वजन काढा. बहुतेक वेळा कपडा तेवढ्यानं सुटतो. सुरीनं कापायचंच असेल, तर पातं दोरापासून *उलट्या* दिशेला. ताणलेल्या नायलॉनच्या दोराला पात्याचा ओझरता स्पर्शही पुरतो.

यातून सुटका होत नसेल, तर पायलट हळूच मोकळ्या जागेवर नेतो आणि हेलिकॉप्टर खाली आणून तुम्हाला जमिनीवर टेकवतो. हे लांबू देत नाहीत, कारण हार्नेसमध्ये हालचाल न करता लटकलेल्या माणसाच्या पायांत रक्त साचतं आणि तो बेशुद्ध पडू शकतो. मदत येईपर्यंत पाय हलवत राहा.

इंजिनात बिघाड झाला, तर दारातल्यांनी आतच थांबायचं आणि जमिनीजवळ असलेल्यानं लवकर उतरून दोर सोडायचा. स्पॉटरकडे दोर कापण्याचं साधन असतं, पण माणूस जमिनीवर मोकळा झालेला दिसल्याशिवाय तो ते वापरत नाही.

खाली बिले धरणाऱ्यासाठीही, म्हणजे जमिनीवरून दोर धरून गरज पडल्यास उतरणाऱ्याला थांबवणाऱ्यासाठीही, एक सूचना. दोर हातात सैल ठेवा आणि नजर वर. ओढलात की वरच्याचा डिसेंडर आवळतो आणि तो थांबतो, तेवढंच तुमचं काम. दोर कंबरेला गुंडाळणं किंवा झाडाला बांधणं कधीही नाही, कारण त्याचं दुसरं टोक उडत्या यंत्राला आहे. पहिल्या माणसाला खाली बिले द्यायला कोणीच नसतं, म्हणून सगळ्यात अनुभवी माणूस आधी उतरतो.

प्रश्न : हेलिकॉप्टरच्या दोराला हात लावला तर विजेचा झटका बसतो, हे खरं का?

विंचच्या (माणसं वर-खाली करणाऱ्या यंत्राच्या) पोलादी तारेबाबत खरं आहे. फिरणाऱ्या पात्यांवर, विशेषतः कोरड्या धुळीत किंवा बर्फात, स्थिर विद्युतभार साचतो. म्हणून तारेचा हुक आधी जमिनीला टेकू देतात, मग धरतात. कोरड्या नायलॉन दोरातून ही वीज सहसा वाहत नाही. दोर भिजलेला असेल तर टोक आधी जमिनीला टेकू द्यावं.

प्रश्न : आमच्या संस्थेकडे काही दोर आहेत. दिसायला चांगले आहेत. कधी टाकून द्यावेत?

दिसण्यावर जाऊ नका. प्रत्येक दोराची स्वतंत्र नोंदवही हवी : खरेदीची तारीख, प्रत्येक वापर, कोणी तपासला. मोठा झटका बसलेला, बॅटरीचं आम्ल किंवा कुठलंही अज्ञात रसायन लागलेला दोर त्याच दिवशी बाद. बाकीचे बोटांमधून इंच-इंच सरकवत तपासा. वेष्टन काचेसारखं गुळगुळीत आणि कडक लागलं तर ते भाजलेलं आहे. एखादी जागा मऊ किंवा चपटी लागली, किंवा दोर वाकवल्यावर गोल वळण न घेता कडक कोन करून मोडला, तर आतला गाभा गेलेला आहे.

दोरावर पाय देऊ नका, बुटाखालची बारीक वाळू आत शिरून धागे कापत राहते. सौम्य साबणानं धुवा आणि सावलीत वाळवा. न वापरलेल्या दोरालाही वय असतं, अनेक उत्पादक कमाल १० वर्षं सांगतात. बाद केलेल्या दोराचे लगेच दोन-दोन मीटरचे तुकडे करा. अख्खा ठेवला, तर गडबडीच्या दिवशी कोणीतरी तोच उचलून पिशवीत भरतं.