परत आल्यावर घर खायला उठतं तेव्हा

“मॅडम, वर्षभर परदेशात आम्ही एकदासुद्धा इतकं भांडलो नाही. परत आलो आणि रोज भांडतोय. परत येऊनच चूक केली का?”

लांब रजा घेऊन फिरून आलेली जोडपी हल्ली माझ्याकडे समुपदेशनाला हा प्रश्न बऱ्याचदा घेऊन येतात. त्यांतल्या एका जोडप्याची हकीकत त्यांच्या परवानगीने सांगते. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मंदार आणि अनघा पुण्याचे, पन्नाशीच्या जवळ आलेले. मुलगी शिकायला बंगळुरूला गेली तेव्हा मंदारने आयटी कंपनीतून वर्षभराची बिनपगारी रजा घेतली. अनघाच्या शाळेत अशी सोय नव्हती, तिने राजीनामा दिला. मंदारची आई वर्षभर नाशिकला लेकीकडे राहायला गेली. आणि ही दोघं निघाली लोकांची घरं सांभाळायला.

हा प्रकार आपल्याकडे अजून फारसा रुळलेला नाही. इंग्लंड-युरोपात, ऑस्ट्रेलियात लोक सुट्टीवर जाताना घर, आणि खरं तर घरातली कुत्री-मांजरं, कोणावर तरी सोपवून जातात. सांभाळणाऱ्याला भाडं पडत नाही आणि पगारही मिळत नाही. दोघांची गाठ घालून देणाऱ्या वेबसाइट वार्षिक वर्गणी घेतात. (बेत असेल तर व्हिसाचं आधी बघा. पैसे हातात आले नाहीत तरी काही देशांत हे काम धरलं जातं आणि पर्यटक व्हिसावर चालत नाही. शिवाय युरोपातल्या शेंगेन देशांत (एकच व्हिसा चालतो अशा देशांच्या गटात) पर्यटक म्हणून कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. या दोघांनी नियम विचारून घेतले होते.)

इंग्लंडमधल्या डेव्हनमध्ये त्यांच्याकडे एक म्हातारी लॅब्रडॉर होती. तिची सांधेदुखीची गोळी चीजमध्ये लपवून द्यायची. कचऱ्याचा कुठला डबा कुठल्या आठवड्यात बाहेर ठेवायचा हे चुकलं, तर तो कचरा पुढच्या फेरीपर्यंत दारातच. फ्रान्समध्ये दोर्दोन्यच्या एका खेड्यात कोंबड्या होत्या. अंधार पडायच्या आत कोंडल्या नाहीत तर कोल्ह्याची भीती. पोर्तुगालच्या दक्षिण टोकाला, आल्गार्व्हमध्ये, हिवाळ्यात बाहेर लख्ख ऊन आणि घरात गारठा, कारण तिकडच्या बऱ्याच घरांत घर तापवायची सोयच नसते. हे सगळं मंदार रंगवून सांगत होता. मग गाडी पुण्यावर आली. हॉर्न, ट्रॅफिक, ऑफिसातल्या मीटिंगा. त्याला नोकरी सोडायची होती, फ्लॅट भाड्याने द्यायचा होता आणि पुन्हा निघायचं होतं.

अनघा गप्प होती. मी विचारल्यावर एवढंच म्हणाली, “तिथे हा माझ्याआधी उठायचा.”

परत आल्यावर माणूस सैरभैर होतो, यात नवीन काही नाही. अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेजियन अभ्यासकांवर समाजशास्त्रज्ञ लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये लिहिलं, की परमुलखात आधी उत्साह, मग घसरण, मग सावरणं असा क्रम दिसतो. १९६३ मध्ये गुलाहॉर्न दांपत्याने त्यात भर घातली: मायदेशी परतल्यावर तीच घसरण पुन्हा होते. या चढउताराचा आलेख कागदावर फार सुबक दिसतो. माझ्यासमोर बसणारी माणसं त्याप्रमाणे वागतातच असं नाही, त्यामुळे मी तो आधार म्हणून सांगते, वेळापत्रक म्हणून नाही. आणि या जोडप्याचं दुखणं त्या आलेखात मावणारं नव्हतंच.

मंदार परतला तो आपल्या खुर्चीवर. अनघा परतली ती नोकरी नसलेल्या घरात, स्वयंपाकघरात, आणि आठवड्याभरात नाशिकहून परत आलेल्या सासूबाईंच्या दिनक्रमात. तरी ‘इथे माझा जीव घुसमटतो’ हे वाक्य बोलायचा मान मंदारकडे होता. तिचा राग इथे होता.

दुसरी गोष्ट त्यांना ऐकायला आवडली नाही. तिथे भांडणं होत नव्हती असं नाही. ती पिकायच्या आत घर बदलायचं. तीन आठवड्यांनी नवा देश, नवं कुत्रं, नवी चिंता. परक्याच्या घरात आवाज चढवायचा संकोचही असतोच. तेव्हा ते सुख खरं असलं तरी तुमचा संसार मुळात तसाच आहे असं त्यावरून धरून चालू नका, असं मी म्हणाले. मंदारचा चेहरा पडला.

पण एक गोष्ट तिथे खरोखर वेगळी होती. प्रत्येक घरमालक जाताना सूचनांची वही ठेवून जायचा. कुत्र्याला किती वाजता बाहेर न्यायचं, बॉयलर कसा चालू करायचा, शेजारच्या आजींना कुठली किल्ली द्यायची. ती वही दोघं मिळून वाचायची आणि कामं वाटून घ्यायची. यातलं बाईचं काय, पुरुषाचं काय, हे कुठल्याच पानावर लिहिलेलं नसायचं.

म्हणून मी त्यांना एक काम दिलं. उद्या तुमचं घर अनोळखी माणसावर सोपवून तीन आठवडे जायचंय असं समजा, आणि वही लिहा. वेगवेगळी. एकमेकांना न विचारता.

मंदारचं दीड पान झालं: वाय-फायचा पासवर्ड, इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी, गाडी, सोसायटीचा मेंटेनन्स. अनघाची नऊ पानं. दूधवाला, पाणी यायची वेळ, कामवाल्या मावशींच्या सुट्ट्या, कुकरची शिट्टी नीट बसत नाही ते. आईंची बीपीची गोळी नाश्त्यानंतर, आणि त्या ‘घेतली’ म्हणाल्या तरी पाकीट बघायचं. रात्री गुडघ्यांना तेल. रविवारी नाशिकचा फोन आला नाही तर आपणच लावून द्यायचा, कारण त्या स्वतः लावणार नाहीत.

मंदारने ती पानं माझ्यासमोर वाचली. बराच वेळ काही बोलला नाही, मग विचारलं, “आईच्या गुडघ्यांना तेल रोज तू लावतेस?”

“मग कोण लावतं?”

पुढची सत्रं या नऊ पानांवरच गेली. गोळी, तेल आणि सकाळचं दूध-पाणी मंदारकडे आलं. पहिला विरोध सासूबाईंचा: “त्याला कशाला? दमून येतो तो.” आपल्याकडच्या बऱ्याच वाटण्या इथेच फिसकटतात. आईंना समजवायचं काम अनघाने करायचं नाही, ते मुलाचं, एवढं मी ठामपणे सांगितलं. मंदारने ते केलं; पहिल्या खेपेला आवाज चढवून, नंतर जरा बरं.

राजीनामा आणि फ्लॅटचा निर्णय सहा महिने घ्यायचा नाही, हेही ठरलं. परतल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मी कोणालाच मोठा निर्णय घेऊ देत नाही. पण दोन आठवड्यांहून जास्त झोप, भूक, कामातलं लक्ष उडालेलं असेल, दिवसभर मन खिन्न असेल, तर ती नुसती प्रवासाची आठवण समजू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेलि-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आहे.

अनघाने जूनमध्ये नवी शाळा धरली. सहा महिने उलटून गेले, मंदारने राजीनामा दिलेला नाही. त्याला येत्या हिवाळ्यात पुन्हा आल्गार्व्हला जायचंय. अनघाला शाळेचं पहिलं वर्ष पुरं करायचंय, आणि आईंच्या मोतीबिंदूची तारीखही मध्ये येते. अजून एकमत झालेलं नाही. मे महिन्याच्या सुट्टीत तीनच आठवडे, तेही एकाच घरी, असा प्रस्ताव अनघाने ठेवलाय. मंदार विचार करतोय.